गाळलेलं तेवढं

आईनं एका मोज्याची टाच अंगठ्यानं चाचपली, मग दुसऱ्याची, आणि दोन्हींची गुंडाळी करून टोपलीत टाकली.

"हं, पुढे. गच्चीवर आला तो. मग?"

लेकीनं पान उलटलं. दुपारचं ऊन पलंगाच्या पायथ्यापर्यंत आलं होतं. आईच्या नजरेच्या मधोमध आता कायमचा डाग होता. कडेकडेचं दिसे, समोरचं नाही. माणसाचे कान दिसत, चेहरा नाही. अक्षरं तर केव्हाच गेली होती. त्यामुळे रोज जेवणानंतर लेक वाचून दाखवी. वाचायचं काय, हे मात्र आई ठरवी, आणि आईची निवड पाहून लेकीला अधूनमधून घाम फुटे.

सध्याच्या कादंबरीतली नायिका रस्त्यावरचे सिग्नल दुरुस्त करायची. नायक फार पूर्वी विजेचा धक्का बसून मेलेला लाईनमन होता आणि चौकातल्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत राहायचा. त्याच शहरात लांडगे टॅक्सी चालवत आणि रक्तपिपासू मंडळींनी रीतसर रक्तपेढी काढली होती.

लेकीच्या डोळ्यांनी पानावरून खाली झरकन धाव घेतली. नायकानं नायिकेचा हात धरला होता. तिथून पुढे दीड पानभर जे चाललं होतं, ते आईसमोर मोठ्यानं वाचणं तिला या जन्मी शक्य नव्हतं.

"मग ते दोघं बराच वेळ बोलत बसले," तिनं वाचलं.

"काय बोलले?"

"असंच. नेहमीसारखं हवापाण्याचं."

"मेल्यावरसुद्धा माणसाला हवापाण्याचंच सुचतं म्हणायचं!" आईनं मोजा झटकला. "आणि ती? ती काही म्हणाली की नाही त्याला?"

"नाही अजून."

"मेली मुखदुर्बळच आहे. एवढे सिग्नल सुधारते, पण तोंडातून एक शब्द फुटत नाही. मी तिची आई असते ना, तर..."

"तर काय?"

"तर काही नाही. मीही गप्पच बसले असते." आई हसली. "वाच."

लेकीनं वाचलं. ती शाळेच्या पुस्तकांची भाषा तपासायची, आणि छाटणं हा तिचा धंदाच होता. हाताला लागलेली सवय वाचतानाही सुटत नसे. भरमसाट विशेषणं ती गाळी, न पटणारे संवाद जागच्या जागी सुधारी. लांडग्यांच्या टॅक्सीत तिनं मीटर बसवले, कारण मूळ लेखिकेला त्याचं भान राहिलं नव्हतं. चुंबनं ती सरसकट उडवी. या घरात असल्या गोष्टी कुणी बोललंच नव्हतं. स्वेटर घेतलास का, पोचलीस की फोन कर, डबा पुसून ठेव, एवढ्यावर मायलेकींचं सगळं भागत आलं होतं, आणि उत्तम भागत आलं होतं.

शेवटचं प्रकरण आलं तेव्हा टोपली भरली होती.

"राहू दे," आई म्हणाली. "शेवट उद्या सकाळी, ताज्या डोक्यानं. दुपारी वाचनालयाच्या शनिवारच्या बैठकीत याच पुस्तकावर बोलायचंय, मला तोंड उघडता आलं पाहिजे. पुस्तक मी सुचवलंय. लोक माझीच फिरकी घेतील."

"घेतीलच. पुस्तकच तसं आहे."

"तुला नाही आवडलं?"

"बरंय."

"बरंय!" आईनं तिची नक्कल केली. "कधी मोकळेपणी हो म्हणू नकोस."

आई हात धुवायला गेली, तेव्हा लेकीनं शेवटचं पान उघडून पाहिलं. पहाटेबरोबर नायकाला कायमचं जावं लागणार होतं. जायच्या आधी नायिका त्याला एकच वाक्य म्हणते. ते वाक्य वाचून लेकीनं पुस्तक मिटलं. त्याच्या जागी काय घालायचं, हे तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं: 'ठीक आहे. जपून जा.'

रात्री तिनं आईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"झोप आता," ती म्हणाली. "दिवा मालवते."

सकाळी ती चहा घेऊन गेली, तेव्हा आई उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, काही कळलंही नसेल. भेटायला आलेले लोकही तेच म्हणाले. लेक मान डोलवत राहिली. लोकांना पाणी दिलं, बँकेत जाऊन आली, आईचा चष्मा डोळ्यांच्या दवाखान्यात देऊन टाकला. मोज्यांची टोपली मात्र होती तिथेच राहू दिली. सगळ्या गुंडाळ्या अचूक जुळलेल्या होत्या.

पुस्तकही पलंगाशेजारी पडून होतं. त्याच्याकडे नजर गेली की तिच्या मनात तोच प्रश्न येई. त्या सकाळी आपण ते वाक्य वाचलं असतं का? उत्तर तिला ठाऊक होतं, म्हणून ती पटकन दुसरीकडे बघे.

काही आठवड्यांनी वाचनालयातून ग्रंथपालबाईंचा फोन आला.

"पुस्तकाची घाई नाही हो," त्या म्हणाल्या. "पण त्या कादंबरीवर बोलायचं आम्ही पुढे ढकललं होतं. या शनिवारी बसतोय. तुम्ही याल का? आईंच्या जागी."

"मला त्यातलं काही कळत नाही," लेक म्हणाली. "पुस्तक परत करायला येईन."

वाचनालयाच्या मागच्या खोलीत लांबट टेबल होतं. ग्रंथपालबाई थर्मासमधून चहा ओतत होत्या. खिडकीशी निवृत्त दंतवैद्य बसले होते. कानातलं यंत्र सारखं करता करता त्यांनी हात हलवला. त्यांच्या समोर ब्यूटी पार्लर चालवणारी एक ठसठशीत बाई होती. तिच्या हातातल्या प्रतीची पानं वापरून वापरून फुगली होती. मधली एक खुर्ची रिकामी होती. लेक दारातच थबकली.

"तुम्हीच का त्या कात्री?" पार्लरवालीनं विचारलं.

"काय?"

"अगं, हळू जरा," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "बसा हो तुम्ही. चहा घ्या."

दुसरी खुर्चीच नसल्यामुळे लेक त्या रिकाम्या खुर्चीत बसली.

चर्चा सुरू झाली. दंतवैद्यांची तक्रार रक्तपिपासूंच्या सुळ्यांबद्दल होती. त्यांनी कागदावर आकृतीच काढून आणली होती.

"एवढे लांब सुळे असले तर माणसाचा ओठ मिटणार नाही. 'स' म्हणता येणार नाही. आणि तो रक्तपेढीवाला पानपानभर प्रेमाची भाषणं करतो!"

"काका, तुम्ही सुळे बघत बसलात आणि प्रेम राहून गेलं," पार्लरवाली म्हणाली. "मी तीनदा वाचलं. गच्चीवरच्या प्रसंगाला तर दर वेळी रडले. गिऱ्हाइकाच्या भुवया करताना आठवलं, तर दोरा तुटला माझा."

"आणि गिऱ्हाइकाची भुवई?"

"ती वाचली. नशीब तिचं."

ग्रंथपालबाईंना पुस्तक मध्ये फार लांबल्यासारखं वाटत होतं. "पण मेलेल्या माणसाचं दुःख खरं उतरलंय," त्या म्हणाल्या. "सगळं शहर दिसतं, आणि तिच्याखेरीज हात कुणालाच लावता येत नाही." मग त्या हसल्या. "अर्थात आईंच्या पुस्तकात तो बराचसा हवापाण्याचंच बोलायचा."

टेबलाभोवती हसू पसरलं. लेकीनं कप खाली ठेवला.

"तुम्हाला काय माहीत?"

"आम्हाला सगळं माहीत आहे," दंतवैद्य म्हणाले. "त्यांच्या पुस्तकात टॅक्सीला मीटर होते. मी आपला सांगायला गेलो की बाई, मूळ पुस्तकात मीटर नाहीत. तर म्हणाल्या, ठाऊक आहे मला, पण असायला हवेत की नाही?"

"तिला ठाऊक होतं?"

पार्लरवालीनं खुर्ची जवळ ओढली.

"अहो, त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. 'हॅलो'वरून माणूस ओळखायच्या. आम्हाला म्हणायच्या, आमची कात्री वाचते तेव्हा पान तीनदा वाजतं आणि गोष्ट एकाच पानाची येते. आणि गाळायच्या आधी ती जराशी खाकरते."

लेकीचा हात नकळत गळ्याशी गेला.

"मग तिनं मला का नाही..."

"मी म्हटलं होतं त्यांना, सांगून टाका. तर म्हणाल्या, नको गं, लाजेल आणि वाचायचंच बंद करेल. गाळलेलं तेवढं तू मला इथे सांग. मग काय! दर शनिवारी चहाच्या आधी मी त्यांना सगळी चुंबनं वाचून दाखवायची."

"सगळी?"

"एकही सोडलं नाही. काका तेवढा वेळ कानातलं यंत्र काढून ठेवायचे."

"ते बॅटरी वाचवायला," दंतवैद्य म्हणाले.

लेकीला हसू आलं. आई गेल्यापासूनचं ते पहिलंच हसू होतं. अर्ध्यात ते वाकडं झालं. तिनं पदराशी चाळा केला, पाण्याचा घोट घेतला. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. ग्रंथपालबाई थर्मासचं झाकण उगाच फिरवत बसल्या.

"शेवट?" तिनं विचारलं. "शेवटही सांगितलात तिला?"

"सांगणारच होते," पार्लरवाली म्हणाली. "त्यांनी हात धरला माझा. म्हणाल्या, शेवट नको. तो तिच्याकडूनच ऐकायचाय. बघू काय करते."

बाहेर कुणीतरी सायकल स्टँडवर चढवली. दंतवैद्य सुळ्यांचा कागद घडी घालून खिशात ठेवत होते.

"आमच्याकडे एक रीत आहे," ग्रंथपालबाई सावकाश म्हणाल्या. "ज्यानं पुस्तक सुचवलं, त्यानंच शेवटचं पान मोठ्यानं वाचायचं. हे आईंनी सुचवलेलं. त्या ऐकून आठवेल तसं म्हणणार होत्या. तुम्हाला जमणार नसेल तर मी वाचते. अगदी काही वाटून घेऊ नका."

लेकीनं पिशवीतून पुस्तक काढलं. शेवटचं पान उघडलं. पार्लरवालीनंही आपली प्रत उघडली आणि ओळीवर बोट ठेवलं.

ती वाचू लागली. चौकात पहाट होत होती. सिग्नल एकेक करून पिवळे झाले. लांडग्यांनी टॅक्सी रस्त्याकडेला लावल्या. पेटीतली गुणगुण मंदावत गेली. विशेषणं जशी होती तशी आली, तिनं एकही गाळलं नाही. समोरचं बोट कुठेही न अडखळता ओळीमागून ओळ सरकत होतं. नायक म्हणाला, "निघतो." नायिकेच्या हातात पाना होता. तो तिनं जमिनीवर ठेवला.

लेक खाकरली.

बोट थांबलं. 'ठीक आहे, जपून जा' हे तिच्या जिभेवर तयार होतं, कधीचं तयार होतं. तिनं ते गिळलं आणि पुढची ओळ वाचली, पण इतकी हळू, की ती जेमतेम तिच्या पानापर्यंतच पोचली.

दंतवैद्यांनी कानामागे हात नेला.

"माफ करा हं. तेवढंच नेमकं ऐकू आलं नाही. जरा मोठ्यानं म्हणता?"

लेकीनं पुस्तक मिटलं आणि दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. तिथलं लाकूड आईच्या तळव्यांनी गुळगुळीत झालं होतं.

"आई," ती मोठ्यानं म्हणाली, "माझं तुझ्यावर फार प्रेम आहे."