भिवराबाईचा अंगठा

दीपिकाला दोन पायऱ्या चढलं तरी धाप लागायची. चौथा महिना. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, काळजाची झडप खराब आहे, बाळंतपणापर्यंत नेलं तर बाई हाती लागायची नाही. गर्भ काढायचा, तोही याच आठवड्यात. त्यातले पाच दिवस सरले होते. एरवी मिशीला पीळ देत फिरणारा नवरा रामप्रसाद कळप घेऊन पूर्णेकडं गेलेला, आणि फोनवर त्याचं एकच पालुपद, "आई म्हनंल तसं."

आई म्हणजे भिवराबाई. गळ्यात माळ, मुंगीलाही वाट देणारी. पोटातल्या जिवाला हात लावायचा नाही, असं एकदा म्हणाली की ब्रह्मदेव खाली आला तरी हलायची नाही. पाठ टेकली की श्वास कोंडायचा, म्हणून दीपिका आता आडवी व्हायलाही भ्यायची. मरणाचं भय काय असतं, ते तिला बाविसाव्या वर्षीच कळलं.

त्या सकाळी भिवराबाई पारावर जाऊन आली. मेंढ्या चोरताना शेजारच्या लिंबाजीला दगडानं ठेचणाऱ्याला फाशी द्या, असं निवेदन गाव देणार होतं.

"पैला अंगठा माजा," ती घरी ठेवलेल्या मेंढीची लोकर कातरत बसलेल्या नवऱ्याला, येडबाला म्हणाली. "लटकवाच म्हनलं मेल्याला."

सासूला उलट बोलायची दीपिकाची पहिलीच वेळ.

"आत्या, जीव घ्यायचा न्हाई म्हनता ना तुमी?"

"त्यानं मानूस मारला. ह्या लेकरानं काय केलंय?"

"मंग म्या काय केलंय?"

येडबाची कातर थांबली. अडलेली मेंढी सोडवण्यात भिवराबाईचा हात गावात पहिला; तो हळूच म्हणाला, "मेंढी अडली तर तू आधी कुनाला वाचीवतीस?"

"मेंढीला," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "पर मेंढीचं पाप मला लागत न्हाई. जायचं तर एकटी जा. मी न्हाई येनार."

येडबानं मान खाली घातली आणि कातर पुन्हा चालू केली.

दीपिकानं दवाखान्याची फाइल उचलली. एसटीचा फाटा दीड किलोमीटर. दर वीस पावलांवर ती थांबत होती. मागं कुणी येत असेल का, या भीतीनं तिला वळून बघवत नव्हतं, आणि कुणीच येत नसेल, याचीही तेवढीच भीती वाटत होती.