माझ्या पोटातली अक्षता

मित्रांनो, मी शाळेतला एक जुना प्रोजेक्टर आहे. वय झाल्यामुळे मला डुलकी लवकर लागते, आणि डुलकीत समुद्र दिसतो. खरा समुद्र मी कधी पाहिलेला नाही. माझ्यातून तो भिंतीवर पडतो, तेवढीच आमची ओळख.

दूरच्या कुठल्याशा कारखान्यात कोणी मला डोळा बसवला, कोणी दिवा, कोणी पंखा. मग खोक्यात बसून मी शहाद्याजवळच्या एका गावातल्या शाळेत आलो. चहूकडे केळीच्या बागा आणि खिडकीतून लांबवर निळसर सातपुडा. पहिल्या दिवशी माझ्यापुढे नारळ फुटला. पडदे ओढले, दिवा लागला आणि पांढऱ्या भिंतीवर लाटा उसळल्या. पुढच्या ओळीतल्या मुलांनी भिजू नये म्हणून पटकन पाय वर घेतले! तापीखेरीज मोठं पाणी न पाहिलेल्या त्या पोरांसाठी मी देवमासे आणले, बर्फाचे डोंगर आणले, शनीची कडी आणली. माझ्या उजेडात धूळ तरंगायची आणि मुलं ती मुठीत धरू पाहायची. फार सुखाचे दिवस होते ते.

शाळेचे शिपाई छगनभाऊ यांचा माझ्यावर भारी जीव. ते रोज मला पुसत आणि स्वतःच्या उपरण्याने झाकून ठेवत. दसऱ्याला शाळेतली सगळी यंत्रं मांडून ते पूजा करत. घंटा, संगणक, शिलाई यंत्र असे सगळे रांगेत, पण पहिला मान माझा. हळद, कुंकू, झेंडूचं फूल आणि वरून मूठभर अक्षता. मान कोणाला नको असतो? मीही ऐटीत बसे.

पण एका दसऱ्यानंतर माझं बिनसलं. दिवा लागला की अंग तापे, धोक्याची लाल खूण लुकलुके आणि मी विझून जाई.

"हाऊ ते मरी गया," छगनभाऊ डोळे पुसत म्हणाले.

मला कपाटात ठेवलं. कोणी चौकशीला आलं नाही. अंधारात मी समुद्र बघत पडून राहिलो. त्या स्वप्नात भिंत नव्हती, नुसतंच पाणी होतं, आणि ते बघायला कोणी मूल नव्हतं. मला फार एकटं वाटे.

मग शाळेत दीपमालाबाई आल्या. संगणक बिघडला की तालुक्याच्या माणसाची वाट बघत वर्ग ताटकळायचा. बाई म्हणाल्या, "आपली मुलंच शिकतील." त्यांनी आठवीच्या मुलामुलींचं मदतनीस पथक केलं. तारा ओळखायला, अडकलेला कागद काढायला शिकवलं. आणि बजावलं, "यंत्र उघडण्याआधी माणसाला विचारा. शेवटचं कधी चाललं? त्यानंतर काय घडलं?"

मुख्याध्यापक हेमकांत सरांना हे रुचेना. "माकडाच्या हाती कोलीत!" ते म्हणाले. "शनिवारी भंगारवाला येतोय, बाई. तोवर मुलांनी कपाटातला प्रोजेक्टर चालवून दाखवला तर ठीक. नाहीतर तो भंगारात, आणि पथकही बंद."

मला टेबलावर ठेवलं तेव्हा माझा दिवा लागलेला असता, तर भीतीने थरथरला असता. पथकातल्या सुनिताने मात्र स्क्रूड्रायव्हर उचललाच नाही. ती आधी छगनभाऊंकडे गेली.

"भाऊ, हाऊ शेवटला कव्हय चालना?"

"दसराना आदला दिन."

"मंग दसराले काय व्हयनं?"

"काय व्हई? मी पूजा करी."

सुनिता भाऊंना घेऊन माझ्यापाशी आली. मग तिने प्लग काढला, माझ्या बाजूची जाळी सोडवली आणि ब्रशने धूळ झटकली. पंख्याच्या पात्यापाशी काहीतरी रुतून पंखाच अडला होता. चिमट्याने तिने ते अलगद ओढलं. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा होता तो.

छगनभाऊंचा चेहरा उतरला. "पोरी, हाऊ ते मन्हाच हातना दाना शे."

भाऊ, तुम्ही मला मान दिला होता, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण प्रोजेक्टरला बोलता कुठे येतं?

सुनिताच हळूच म्हणाली, "भाऊ, पूजा करा ना. फक्त तांदूळ खाले ताटलीमा ठेवा."

शनिवारी भंगारवाल्याची गाडी फाटकाशी उभी राहिली. वर्गात पडदे ओढले गेले. दिवा लागला, पंखा फिरू लागला. सर लाल खुणेकडे टक लावून बसले होते. ती लुकलुकलीच नाही. भिंतीवर समुद्र पसरला, एक मोठी लाट धावून आली, आणि मागच्या बाकावर बसलेल्या छगनभाऊंनी पाय वर घेतले! सगळा वर्ग हसला, भाऊही हसले. सर उठून बाहेर गेले आणि गाडी परत पाठवून आले. "पथकाला एक कपाट लागेल," एवढंच ते बाईंना म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखं कोणी कपाटात पडून असेल. त्याला मेलं म्हणण्याआधी त्याच्या माणसांना विचारा, आणि विचाराल ते मायेने विचारा.

यंदाच्या दसऱ्याला छगनभाऊ ताट घेऊन आले. मला कुंकू लागलं, फूल मिळालं. सवयीने त्यांची मूठ अक्षतांकडे गेली, आणि वर आलीसुद्धा. सुनिता पुढे झाली. तिने माझ्या जाळीवर आपला तळहात पसरून ठेवला. यंदा अक्षता तिच्या हातावर पडल्या.