चौथी बाजू

हे लिहिणारच नव्हतो. चूक माझी हाय, आन आपली चूक आपणच टाईप करायची म्हणजे बोटं अडतात. पण शिवप्रसादला शब्द दिलाय. तो कुठंतरी लिहिलेला बरा.

औश्याजवळ गवताचा एक राखीव माळ हाय. दर रविवारी मी तिथं गावच्या लोकांना पाखरं दाखवतो. मला कुणी शिकवलं न्हाई. मोबाईल, जुनी दुर्बीण आन गवतात पालथं पडून राहायची सवय, बस.

हिवाळ्यात तिथं भोवत्या येतात. घारीसारखा शिकारी पक्षी, पण झोपतो जमिनीवर! एवढा माळ सोडून सगळे एकाच कोपऱ्यात का उतरतात? अजून कळलं न्हाई. तो कोपरा शिवप्रसादच्या ज्वारीला लागून. मधी फक्त बांध.

यंदा मी कार्यक्रम येळवशीच्या संध्याकाळी ठेवला. त्या अमावस्येला अख्खा गाव शेतातच जेवायला असतो, माणसं गोळा करायची कटकट न्हाई. शिवप्रसादला फोन केला तर त्यानं उलटं मलाच विचारलं.

"बजरंग, हेंडग्याचं काय?"

"कसला हेंडगा?"

"घ्या! लातूर जिल्ह्यातलाच हाईस ना तू?"

आम्हाला शेत न्हाई. दर येळवशीला कुणाच्या तरी शेतातल्या कडब्याच्या कोपीत भज्जी-आंबील हाणायची आन चारच्या एसटीनं घरी. दिवस मावळताना कडब्याची पेंडी पेटवून, ओरडत, पीक भरावं म्हणून शेताच्या चारी बाजूंनी फिरवतात, तो हेंडगा. मी कधी बघितलाच न्हाई. भोवत्या उतरतात नेमक्या त्याच टायमाला. मागल्या वर्षी ते एका रात्रीत गायब झाले, तवा मी वहीत लिहिलं होतं, 'थंडीमुळं?' तारीख बघितली. येळवस!

येळवशीच्या दुपारी कोपीत जेवणं झाली. शिवप्रसादचे वडील शंकरप्पा पान लावत होते. मी त्यांच्यापुढं पेपर पसरला, त्यावर चार राखाडी गोळ्या ठेवल्या.

"हे काय, लेंड्या?"

"न्हाई अप्पा. भोवत्याला जे पचत न्हाई ते तो तोंडातून टाकतो. उकलून बघा."

अप्पांनी चष्मा लावला, बाभळीच्या काट्यानं गोळी फोडली. नाकतोड्यांच्या तंगड्या निघाल्या, उंदराचं एक हाडूक. मग दुसरी फोडली, तिसरी. पान तसंच राहिलं.

"कुठून येतात म्हणला?"

"कझाकस्तान. रशियाच्या खाली."

"एवढ्या लांबून माझ्या ज्वारीतले नाकतोडे खायला?" अप्पा हसले. पण बांधाकडची बाजू सोडाल का, असं हेंडग्याचं काढल्यावर हसू गेलं. "फेरा अर्धा सोडत न्हाईत, बाळा. माझ्या बापानं सोडला न्हाई."

शिवप्रसाद खाली बघत होता. मी पेपर गुंडाळला. आपलं शेत न्हाई, आपण काय बोलणार?

दिवस कलला. आम्ही तीसेक माणसं बांधाच्या कडेला पालथी पडलो. एकेक करत चौदा भोवत्या उतरले. तिकडं अप्पांनी हेंडगा पेटवला. पहिली बाजू झाली, दुसरी, तिसरी. राहिली बांधाकडची, चौथी.

तिसऱ्या कोपऱ्यावर अप्पा थांबले. जळता हेंडगा शिवप्रसादच्या आईच्या, उमाकाकूंच्या हातात दिला, चपला काढल्या आन बांधाच्या कडेनं रिकाम्या हातानं चालू लागले. तोंडातून आवाज न्हाई.

शेजारच्या शेतातून सिद्रामप्पा ओरडले, "शंकरप्पा, कडबा संपला का रं? देऊ का उसना?"

अप्पा कुणाचं ऐकून घेणारे न्हाईत. त्या दिवशी ऐकून घेतलं.

एक भोवत्या उठला, हातभर वर गेला, परत बसला. बाकीचे हललेच न्हाईत. अप्पा चौथ्या कोपऱ्यावर पोचले तवा मी दुर्बीण खाली ठेवली.

परत जाताना शिवप्रसादनं मला मोटारसायकलवर स्टँडपर्यंत सोडलं. उतरल्यावर म्हणला, "ज्वारी हलकी निघाली तर गाव अप्पाला वर्षभर बोलंल. अप्पा स्वतःलाच बोलंल."

"काढणीला मी येतो," मी म्हणलं. "बांधाकडच्या ओळी मीच काढतो. कणीस हलकं निघालं तर सिद्रामप्पासमोर उभा राहून सांगतो, अप्पाचं न्हाई, माझं काम हाय."

"आन भारी निघालं तर?"

"तरी येतो. पुढच्या येळवशीला चारची एसटी धरत न्हाई. चौथ्या बाजूला अप्पाच्या मागं मी चालणार, अनवाणी. शब्द हाय."