मुहूर्ताआधीची कुदळ

व्हायोलाबायने गवतातून वेचलेला पांढरा दाणा ओल्या तळव्यावर चोळला. दाणा विरघळला आणि तळवा गार पडला. तोच हात तिने जयवंत सावंतांपुढे धरला.

"साबुदाणा म्हनतोस ना? मग चाख."

जयवंतरावांनी चाखला नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. उन्हात चमकणारे तसेच दाणे हिरवळीभर पसरलेले होते.

गिरगावातल्या त्या वाडीत एका अंगाला व्हायोलाबायचे कौलारू घर, दुसऱ्या अंगाला सावंत राहत ती तीन मजली इमारत आणि मधोमध ही हिरवळ. तिचा उतार विहिरीकडे. गेल्या पावसाळ्यात कोणीतरी गवताला खत घातले, ते पाण्याबरोबर विहिरीत उतरले आणि डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडलेले गप्पी मासे पोट वर करून तरंगू लागले. मागोमाग अळ्या झाल्या. पालिकेने तेव्हा स्पष्ट बजावले होते की, पुन्हा अळ्या सापडल्या तर विहिरीवर कायमची लादी पडेल. व्हायोलाबायची नात सॅशा हिचे लग्न नाताळानंतर होते, आणि लग्नाआधी नवरीच्या आंघोळीसाठी वाजतगाजत जे 'उंबराचे पाणी' भरायचे, ते तिच्या घरातल्या प्रत्येक मुलीसाठी याच विहिरीतून भरले गेले होते.

म्हणून तर वाडीने नियम केला. 'दसरा उलटेपर्यंत हिरवळीवर कोणतेही रासायनिक खत टाकले जाऊ नये.' वाक्य जयवंतरावांचे होते. त्यातला 'कोणतेही' हा शब्द राहावा म्हणून ते दोन सभा भांडले होते.

"मीच टाकला युरिया," मागून आवाज आला. त्यांचा मुलगा हितेंद्र जिन्यावरून उतरत होता. "फोटोग्राफर म्हणाला, गवत पिवळं दिसतंय. रविवारी आपल्या दर्शनाचा साखरपुडा, साठ माणसं येणार."

"नियम ठाऊक होता?"

"होता ना. पण तो पावसासाठी आहे, बाबा. चार दिवस कोरडं जाईल असं मोबाइलवर होतं. म्हणजे नियमाचा हेतू मी पाळलाच."

"हेतू काय तो मला शिकवू नकोस. तो मी लिहिलाय."

"जयवंत, वाद मग घाल," व्हायोलाबाय म्हणाली. "वर बघ."

मलबार हिलच्या बाजूने आभाळ काळवंडून आले होते. वारा पडला होता. चौपाटीकडून आलेले कावळे कौलांवर गप्प बसले होते.

हितेंद्रने खराटा आणून दोनदा ओढला. दाणे वर येण्याऐवजी गवताच्या बुडाशी अधिकच खोल गेले. व्हायोलाबायने विहिरीत वाकून पाहिले. खाली जाळीच्या सावलीत नव्याने सोडलेले मासे फिरत होते. त्यांना अजून काही कळले नव्हते.

उपाय एकच होता आणि तो जयवंतरावांना केव्हाच दिसला होता. हिरवळ आणि विहीर यांच्या मधून आडवा चर खणायचा; म्हणजे पाणी फाटकाकडे वळून गल्लीतल्या गटारात जाईल. पण गणपतीच्या मंडपाचा मुहूर्त सोमवारी होता. पहिल्या खांबाच्या खड्ड्याची पूजा झाल्याखेरीज वाडीत कुदळ लागत नसे, आणि ही रीत मंडळाचे अध्यक्ष या नात्याने सर्वांत कडकपणे पाळणारे गृहस्थ स्वतः जयवंतरावच होते. इंटरनेटची केबल पुरायला आलेल्या माणसांना त्यांनी याच कारणासाठी फाटकातून परत पाठवले होते.

पहिला थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला.

"तुझा देव समजून घेल," व्हायोलाबाय हळूच म्हणाली. "पालिकेचा माणूस नाय घेनार."

त्यांनी खिशातून मंडळाच्या खोलीची किल्ली काढली. कुदळ बाहेर आणली, धोतराचा काचा मारावा तसा लेंगा गुडघ्यांपर्यंत खोचला आणि विहिरीपासून चार हातांवर पहिला घाव घातला. गवताची सालपटे उलटी पडू लागली.

"बाबा, फोटोत हा चर दिसेल," हितेंद्र म्हणाला.

"फावडं घे."

"गटारातून शेवटी समुद्रातच जाणार ना ते?"

"जाणार. ते पाप आपलंच. पण समुद्र विहिरीएवढा छोटा नाही. फावडं घे."

पाऊस कोसळला तेव्हा चर अर्धाच झाला होता. पाणी त्याच्या तोंडाशी आले, वळले आणि जिथे खणणे थांबले होते तिथून फुटून थेट विहिरीच्या कठड्याकडे धावले. व्हायोलाबाय आपल्या घराच्या ओट्यावरून उठली आणि साडी सावरत त्या धारेत आडवी बसली.

"व्हायोलाबाय, उठा. आजारी पडाल."

"तू खण रे."

हितेंद्रची बहीण दर्शना अंगभर भिजत खाली आली. कोणी काही सांगण्याआधीच तिने उलटी पडलेली गवताची ढेपळे उचलून म्हातारीच्या दोन्ही बाजूंना रचायला सुरुवात केली. हितेंद्र फावड्याने माती ओढून बांध दाबत राहिला. जयवंतरावांच्या कुदळीला दगड लागला, ठिणगी उडाली. त्यांनी दगड उपटून बाजूला फेकला. शेवटी चर फाटकाजवळच्या मोरीला मिळाला आणि तुंबलेले पाणी एकदम खळखळत तिकडे वळले.

व्हायोलाबायला दोघा बहीणभावांनी हात धरून उठवले. हिरवळ मधोमध फाटली होती आणि निम्मी चिखलाखाली गेली होती.

"गच्चीवर करू साखरपुडा," दर्शना म्हणाली. "ताडपत्री बांधली की झालं."

"आणि मंडळाला काय सांगणार?" हितेंद्रने विचारले. "विचारतीलच, मुहूर्ताआधी कुदळ कोणी मारली म्हणून."

जयवंतरावांनी कुदळीच्या पात्याची माती बोटाने निपटली.

"मी मारली, हे मी सांगेन," ते म्हणाले. "कशासाठी मारावी लागली, ते तू सांगायचंस."

हितेंद्रने फावडे पुन्हा उचलले आणि बांधाची कड जिथे खचू लागली होती तिथे जाऊन माती ओढू लागला.