नारळानंतरचा स्वल्पविराम

माझी नात सहा वर्षांची आहे आणि घरात तिला आम्ही इन्स्पेक्टर म्हणतो. तिच्यासमोर काहीही खायला ठेवलं की ती आधी दोन्ही हात पाठीमागे घेते आणि विचारते, "यात काय काय आहे?" तिला दुधाचं वावडं आहे. वावडं म्हणजे नावड नव्हे. दुधाचा अंश जरी पोटात गेला तरी तिचे ओठ सुजतात, घसा आवळतो, श्वास अडकतो. म्हणून तिच्या आईने तिला अ-आ-ईच्या आधी हा प्रश्न शिकवला.

मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या हाच धंदा, त्यामुळे स्वभावही तसाच झाला. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. असल्या माणसाला आपली चूक दिसायला जरा वेळ लागतो.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मुलाचा वाढदिवस होता. सगळ्या पोरांना पांढरं चॉकलेट मिळालं, आमची मात्र खुर्चीत हिरमुसून बसली. सूनबाईचे नियम म्हणजे सगळे फाजील लाड, असं मी तेव्हा उघड म्हणायचो. मी माझ्या वडीचा नखाएवढा तुकडा मोडला, "एवढ्याशानं काय होतंय," म्हणालो आणि तिच्या तोंडात घातला.

पंधरा मिनिटांत आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, काय खाल्लं हिने? सूनबाई रडत रडत दुपारपासूनचं सगळं आठवून सांगत होती. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि माझी दातखीळ बसली होती. शेवटी इंजेक्शन दिल्यावर पोरीला बोलता आलं, आणि ती म्हणाली, "आजोबांनी चॉकलेट दिलं." सूनबाईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. ती चार शब्द बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून नात माझ्या हातचं काही खात नाही. सफरचंदाची फोडसुद्धा नाही. "तुमच्या हातचं नको, आजोबा. आई आली की खाते," असं ती अगदी गोड आवाजात सांगते. बाकी आमचं उत्तम चालतं. मुलगा जहाजावर असतो, सूनबाई दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, त्यामुळे शाळेतून आणण्यापासून अभ्यासापर्यंत पोरगी माझ्याच ताब्यात असते. तिला वाचायला मीच शिकवलं. पण रोज दुपारी आईने डब्यात भरून ठेवलेलं ती स्वतःच्या हाताने काढून घेते आणि मी समोर बसून बघतो. ते मला लागतं. दोन वर्षं रोज लागतंय.

मग मागच्या महिन्यात एकदा चित्र रंगवता रंगवता ती म्हणाली, "आजोबा, मला ते पांढरं चॉकलेट आठवतं. छान होतं."

जी चव तिच्या जिवावर उठली होती ती तिने जपून ठेवली होती. बिनदुधाचं पांढरं चॉकलेट घरी करता येतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. सूनबाईला विचारलं तेव्हा ती भाजी निवडत होती.

"काय काय घालणार ते लिहून द्या," ती म्हणाली.

मी सुवाच्य अक्षरात यादी दिली. कोको बटर, पिठीसाखर, नारळाच्या दुधाची पावडर, व्हॅनिला, चिमूटभर मीठ. तिने पावडरचं पाकीट स्वतः शोधून आणलं, पुढून-मागून वाचलं, आणि यादीवर प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण केली. मला परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं.

पहिला घाणा फुकट गेला. कोको बटर म्हणजे कोकोच्या बियांमधली चरबी, दिसायला मेणासारखी. ती थेट आचेवर वितळवायची नाही, गरम पाण्याच्या पातेल्यावर काचेचं वाडगं ठेवून वितळवायची. मी तसंच केलं. पण ढवळताना वाफेचा एक थेंब आत पडला आणि सगळ्या मिश्रणाचा क्षणात रवाळ गोळा झाला. एका थेंबाने एवढं होतं हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. दुसरा घाणा घाईघाईने फ्रिजमध्ये ढकलला. वड्या झाल्या, पण वर डाग आणि हातात धरताच चिकट. ते निवताना ढवळत राहावं लागतं आणि मग पुन्हा जरासं कोमट करावं लागतं, हे मला नंतर कळलं. त्यासाठी मी थर्मामीटर आणला. तापाचा नव्हे, स्वयंपाकाचा. सूनबाईने मुद्दाम विचारून घेतलं.

तिसऱ्या वेळी सगळं जमलं. पावडर आणि साखर मिक्सरमधून काढून वस्त्रगाळ केली, मिश्रण सुरीने सारखं खालीवर करत निववलं, साच्यात ओतलं आणि हात लावायचा नाही अशी स्वतःला ताकीद देऊन खुर्चीत बसलो. दुपारी वडी मोडली तर टक्‌कन आवाज आला. हस्तिदंती रंग, वर छान चकाकी. चव घेतली आणि खरं सांगतो, मला माझाच हेवा वाटला.

इन्स्पेक्टर शाळेतून आली, हात धुतले आणि हात पाठीमागे घेऊन उभी राहिली. "यात काय काय आहे?"

"आईने खुणा केलेली यादी आहे," मी म्हणालो आणि कागद पुढे केला.

हल्ली तिला जे दिसेल ते मोठ्याने वाचायचा नाद लागलाय. "को-को ब-ट-र. पि-ठी-सा-ख-र. ना-र-ळा-च्या दु-धा-ची..." ती थांबली. "आजोबा, दूध लिहिलंय."

"अगं, ते नारळाचं दूध."

"दूधच ना?"

"ते नावाचं दूध. पांढरं दिसतं म्हणून दूध म्हणायचं. गाय-म्हशीचा काही संबंध नाही."

"मग नारळाचं पांढरं पाणी का नाही म्हणत?"

चाळीस वर्षं भाषेत घालवली, आणि एक शेंबडी पोरगी मला कोंडीत पकडत होती. दूध हा शब्द ऐकला की नाही म्हणायचं, एवढंच तिला शिकवलेलं. माझा पारा चढायला लागला. वडी हातात होती आणि उबेने कडा मऊ होत होत्या.

"आईने पाकीट बघितलंय," मी म्हणालो. "खूण आहे ना तिची?"

तिने खुणेकडे पाहिलं. मग वडीकडे. एक हात पाठीमागून पुढे आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. आणि मग तो हात पुन्हा मागे गेला. "पाकीट दाखवा."

मी चडफडत उठलो आणि फळीवरचं पाकीट तिच्यापुढे टाकलं. वाच म्हटलं, तुझं समाधान होईपर्यंत वाच. तिने ते उलटं केलं आणि मागच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"ना-र-ळ. के-सि-ने-ट. कंसात दू-ध." तिने मान वर केली. "इथे पण दूध आहे."

"तेच ते. नारळाचंच."

"नाही, आजोबा. नारळ वेगळा आहे. मध्ये स्वल्पविराम आहे."

स्वल्पविराम म्हणजे अलीकडचं वेगळं आणि पलीकडचं वेगळं, हे मीच तिला शिकवलं होतं. मी पाकीट हिसकावून घेतलं. अक्षरं डोळ्यांपुढे तरंगायला लागली. कपाटातून छापखान्यातलं माझं जुनं भिंग काढलं आणि खिडकीपाशी गेलो. नारळ, मग स्वल्पविराम, मग केसिनेट आणि कंसात दूध. शुद्ध गाईच्या दुधातलं, पावडरीची गुठळी होऊ नये म्हणून घातलेलं.

मग मला आठवलं. सूनबाईने वाचलेलं पाकीट पहिल्या दोन घाण्यांतच संपलं होतं. हे मी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलं. पुढे नारळाचं चित्र होतं. नारळाचीच ना, मग झालं, असं म्हणून पिशवीत टाकलं होतं.

मी वडी सिंकमध्ये टाकली, हात कोपरापर्यंत धुतले, पोरीचेही पुन्हा धुतले आणि तिला बाहेरच्या खोलीत बसवलं. "रागावलात?" तिने विचारलं. मी नाही अशी मान हलवली.

सूनबाई यायला दोन तास होते. लपवणं अगदी सोपं होतं, हे कबूल करतो. दोन घाणे बिघडले होते, तिसराही बिघडला म्हणायचं. पाकीट कचऱ्यात. काही झालंच नव्हतं, मग सांगायचं काय? हे सगळं मी मनात नीट जुळवलं. आणि मला दवाखान्यातली ती भिंत आठवली.

सूनबाईने दारात चपला काढल्या तेव्हा मी पाकीट घेऊन समोर उभा होतो.

"मी पाकीट बदललं," मी म्हणालो. "वाचलं नाही. यात दूध आहे. तिने खाल्लं नाही, तिनेच पकडलं. पण मी देत होतो. वडी माझ्या हातात होती."

तिने पर्स खाली ठेवली, आत जाऊन पोरीचे ओठ पाहिले, गळा पाहिला, पाठ पाहिली. मग बाहेर येऊन पाकीट वाचलं. मी बोलणी खायची तयारी करून उभा होतो.

"या वेळी सांगितलंत," ती म्हणाली.

बस, एवढंच. मग तिने बाह्या सरसावल्या आणि आम्ही दोघांनी ओटा, मिक्सर, साचे, चाळणी सगळं गरम पाण्याने दोनदोनदा घासलं. तिने घासायचं, मी पुसायचं. शेवटचं वाडगं माझ्या हातात देताना ती म्हणाली, "बाबा, उद्या दुकानात या. वर्षभर सांगतेय, तुमचा नंबर वाढलाय."

मी गेलो. तिच्या समोरच्या खुर्चीत बसून भिंतीवरची अक्षरं वाचली आणि खालच्या तीन ओळी चुकलो. तिने त्या चुका निमूटपणे लिहून घेतल्या.

रविवारी चौथा घाणा केला. नव्या चष्म्यातून नवीन पाकीट मी मोठ्याने वाचलं, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबून. सूनबाईने ऐकलं. इन्स्पेक्टरने शेजारी उभं राहून बोट फिरवत ताडून पाहिलं. यादीत मी "नारळाच्या दुधाची पावडर" खोडून "नारळाची पावडर" केलं होतं. व्याकरणाला धरून नसेल, पण पोरीला पटलं.

वडी टक्‌कन मोडली. मी नखाएवढा तुकडा घेतला. तो खाली ठेवून सूनबाईला म्हणालो, "तू दे."

ती काही बोलायच्या आत पोरगी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. हात पाठीमागेच होते. तोंड मात्र उघडलं होतं.

मी तुकडा तिच्या जिभेवर ठेवला. तिने डोळे मिटले आणि चावला नाही, विरघळू दिला. आम्ही दोघं तिच्या ओठांकडे बघत बसलो. स्वयंपाकघरातल्या घड्याळात पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. ती कंटाळून टेबलावर टकटक करायला लागली.

"आणखी द्या," ती म्हणाली.

"थोडं थांबू या," मी म्हणालो.

"एवढ्याशानं काय होतंय, आजोबा?"

ते शब्दही तिने चवीबरोबर जपून ठेवले होते. मला सूनबाईकडे बघायचा धीर होईना. मग टेबलावरून साचा सरकल्याचा आवाज आला. सूनबाईने तो माझ्या पुढ्यात आणून ठेवला होता.

"द्या, बाबा," ती म्हणाली. "तुमच्या हातानं द्या."