छातीत दुखत नाही ना?

“छातीत दुखून नाही राहिलं ना? मंग हार्ट नाही,” असा निकाल माझ्या नवऱ्यानं देऊन टाकला. आता त्याच्यापुढे कोण बोलणार? स्वतः अटॅकमधून उठलेला माणूस!

गेल्या पौषात प्रीतमला अटॅक आला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. छाती धरून घामाघूम होऊन पडला, तरी अख्खं करडी गाव म्हणत होतं, एवढ्या तरण्या माणसाला कुठला अटॅक, गॅस असेल, सोडा पाजा. मीच भांडून दवाखान्यात नेलं. तेव्हापासून घरात हार्टचा जाणकार तोच. तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र अजून सुटलेला नाही.

आणि आता माझे सासरे आसाराम, म्हणजे आमचे मामाजी. वय बहात्तर. सोमवारपासून, म्हणजे चार दिवस, मासे धरायला तलावावर गेले नव्हते. अंगण ओलांडलं तरी धाप लागायची. जेवण नको म्हणायचे. आज सकाळी तर बसल्या जागी कपाळ गार पडलं, घामानं ओलं.

“बाबा, छातीत दुखते का?” प्रीतमनं विचारलं.

“नाही.”

“पाह्य! म्हातारपन हाय. मले झालं तवा छातीवर कोनी बसल्यावानी वाटे.”

“तुमाले झालं तसंच समद्याइले होते का?” माझं डोकंच फिरलं. “तवा वय नाही म्हनून गॅस, आता वय झालं म्हनून म्हातारपन! मंग अटॅक यावा तरी कोनाले?”

ऑटो मीच बोलावला. प्रीतम वाटभर बडबडत होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी दोनदा पाहिली. “अटॅक आहे, तीन-चार दिवसांपूर्वीचा. म्हाताऱ्या माणसांना पुष्कळदा छातीत दुखतच नाही. धाप, थकवा, घाम, एवढंच दिसतं. भंडाऱ्याला हलवू, पण फार उशीर झालाय. पहिल्याच दिवशी आणायचं होतं.”

प्रीतमचा चेहरा पडला. “बाबा, सांगतलं काहून नाही?”

मामाजींनी ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला. “सांगतलं ना. सोमवारीच म्हनलो, जाळं उचलवत नाही. लय थकलो.”

प्रीतम माझ्याकडे बघू लागला. त्याला काय ठाऊक? तो घरी नव्हता. त्यांनी सांगितलं होतं ते मला. मी चुलीपुढे होते, कामानं वैतागलेली. “थकले त झोपा ना, मामाजी,” म्हणाले होते. आणि ते मुकाट्यानं जाऊन झोपले होते.