आबांनी फिरवलेलं चाक

सलाईन म्हणजे ताकद, हा आमच्या आबांचा सिद्धांत. बाटली न लावणारा डॉक्टर त्यांच्या लेखी डॉक्टरच नव्हे. आतड्याला पीळ पडून आईचं ऑपरेशन झालं, तेव्हाही माझा हा बाप तिच्या तोंडाकडे कमी आणि बाटलीकडे जास्त बघत होता.

"थेंब थेंब काय सोडत्यात, साधना? अशानं कवा उभी ऱ्हायची ती?" ते मला म्हणाले. मी दुर्लक्ष केलं आणि चहाला गेले. तिथंच चुकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा चेहरा सुजून ओळखू येईना. धाप लागलेली, ऑक्सिजन लावलेला. हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या.

"बांगड्या फोडाव्या लागतील," शुभांगी सिस्टर म्हणाल्या.

"वाढवायच्या म्हना!" आबा ओरडले, पण आवाज चिरकला.

सिस्टरनी बांगड्या अलगद वाढवल्या आणि विचारलं, "काल आठ तासांची बाटली तासाभरात संपली. नळीवरचं चाक कुणी फिरवलं?"

"माजाच हात लागला आसंल," आई कशीबशी पुटपुटली.

तेवढ्यात डॉक्टर शारदा आल्या. संध्याकाळपर्यंत धाप कमी झाली नाही, तर पुण्याला हलवावं लागेल म्हणाल्या. 

"पाणीच तर गेलं जास्तीचं. मग सूज कशी?" मी विचारलं.

"रक्तवाहिनीला आतून नाजूक अस्तर असतं. ऑपरेशनच्या धक्क्यानंच ते झिजतं. वर पाणी भराभरा सोडलं की आणखी निघतं. मग पाणी वाहिनीत न राहता बाहेर मांसात झिरपतं, फुप्फुसातसुद्धा."

आबा खाली बघत होते. आमच्या गावी, मालेला, विहिरीपासून भाजीच्या वाफ्यांपर्यंत मातीचा पाट आहे. दर वर्षी ते तो स्वतःच्या हातानं लिपतात.

"वल्या लिपनावर मोटार फुल सोडली की लिपन सुटतं," ते हळू म्हणाले. "पानी वाफ्यात जातच न्हाई, बांधातच मुरतं. समदं कळतंय मला. तरी चाक म्याच फिरवलं, डॉक्टरीनबाई. तिचा काय बी दोष न्हाई."

मला त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त कीव. डॉक्टर रागावल्या नाहीत. लघवी होण्याचं औषध दिलं आणि म्हणाल्या, "त्यांचा हात उंच धरून बसा. सूज उतरायला मदत होईल."

आबा बसले. जेवले नाहीत, उठले नाहीत. लघवीची पिशवी भरेल तशी बातमी देत होते, "निम्मी झाली गं, साधना!" अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी.

दिवस कलता कलता आईची धाप ओसरली. पुण्याला न्यायची गरज नाही, असं डॉक्टर सांगून गेल्या.

"तू जागी व्हतीस?" आबांनी आईला विचारलं.

"व्हय. बगत व्हते की."

"मंग आडवलं का न्हाई मला?"

आई थांबून थांबून बोलली. "चाळीस वर्सं आदी रानाला पानी, मंग गुरास्नी, मंग मला. काल पयल्यांदा माजी पाळी आदी लावली तुमी. कशी आडवू?"

आबा हमसून हमसून रडले. डोळे पुसायलासुद्धा त्यांनी तिचा हात खाली ठेवला नाही.